पेनसिल्व्हेनियात ऑडिटर जनरलला मत द्यायचंय? नव्या सिटिझन मंडळींसाठी सगळं सविस्तर

२०२४ च्या कोजागिरीला दूध आटायची वाट बघत आम्ही सगळे किचनमध्ये उभे होतो, तेव्हा एका ताईंनी फोनवर काउंटीचं सॅम्पल बॅलट उघडलं. त्यांची ओथ, म्हणजे सिटिझनशिपची शपथ, उन्हाळ्यात झाली होती, पहिलंच मतदान. म्हणाल्या, "प्रेसिडेंट कळलं, सिनेटर कळलं, अगं पण हा ऑडिटर जनरल कोण, आणि ऑडिटरला कुणी निवडून देतं का?" तिथे आम्ही दहा-बारा जण होतो, त्यातले निम्मे पंधरा वर्षं इथे मत देतायत, आणि कुणालाच धड सांगता येईना. मी स्वतः पहिल्या वेळेला ती रांग कोरी सोडली होती. माझे बाबा आयुष्यभर लोकल फंड ऑडिटमध्ये होते, जिल्हा परिषद, पंचायत समित्या, ग्रामपंचायती, सगळ्यांच्या वह्या तपासत फिरायचे, आणि त्यांच्या मुलीने ऑडिटरचीच जागा कोरी सोडली हे मला नंतर फार लागलं. तेव्हापासून जे वाचलं, विचारलं आणि करून बघितलं ते इथे लिहितेय. माझं सगळं पेनसिल्व्हेनियाचं आहे, दुसऱ्या राज्यातल्यांनी नियम आपापल्या राज्याचे बघा, कारण इथे प्रत्येक राज्य वेगळं. नदीपलीकडे न्यू जर्सीत राज्याचा ऑडिटर विधिमंडळ नेमतं, लोक निवडत नाहीत. आणि देशातल्या साधारण निम्म्या राज्यांत लोक निवडतात.

आधी हे पद नक्की काय ते

आपल्याकडे कॅग म्हणजे महालेखापरीक्षक राष्ट्रपती नेमतात, घटनेच्या कलम १४८ खाली, सहा वर्षं किंवा वयाची ६५ होईपर्यंत, आणि तेच केंद्राचं पण तपासतात आणि राज्यांचं पण. त्यामुळे ऑडिटर मतं मागायला दारात येतो ही कल्पनाच आपल्याला नवीन. पण जरा थांबून विचार करा, हाउसिंग सोसायटीत राहिलेल्यांना ही गोष्ट माहितीच आहे की, दरवर्षी एजीएमला विषयपत्रिकेवर असतंच, "पुढील वर्षासाठी लेखापरीक्षकाची नेमणूक करणे", आणि तिथे नेमणूक कमिटी करत नाही, सभासद करतात. कारण ज्यांच्या वह्या तपासायच्या त्यांनीच तपासणारा ठरवला तर उपयोग काय. इथे तेच तत्त्व अख्ख्या राज्याला लावलंय इतकंच. गव्हर्नरने ऑडिटर नेमायचा नाही, लोकांनी निवडायचा.

पद जुनं आहे, १८०९ पासूनचं. ऑफिस हॅरिसबर्गला फायनान्स बिल्डिंगमध्ये. मुदत चार वर्षं आणि निवडणूक प्रेसिडेंटच्याच वर्षात. लागोपाठ दोन टर्म करता येतात, तिसरी नाही. अटर्नी जनरल, ऑडिटर जनरल आणि ट्रेझरर ह्या तिघांना इथले लोक रो ऑफिसेस म्हणतात, बॅलटवर तिघं एकाखाली एक येतात. ट्रेझरर पैसे सांभाळतो, ऑडिटर ते कसे खर्च झाले ते तपासतो, आणि राज्यघटनेत ह्याबद्दल मला फार आवडलेली एक ओळ आहे: जो ट्रेझरर होता त्याला पद सोडल्यावर चार वर्षं ऑडिटर जनरल होता येत नाही. म्हणजे स्वतःच्याच वह्या स्वतः तपासायला बसू नये. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, लिहिणाऱ्याला अक्कल होती.

एक गैरसमज खूप जणांचा असतो म्हणून सांगते, हा ऑडिटर म्हणजे इलेक्शनचे निकाल तपासणारा माणूस नव्हे. मतमोजणी काउंट्या करतात. ह्याचं काम पैशाचं आणि कामगिरीचं, सरकारी खाती, टर्नपाइक म्हणजे राज्याचा टोलचा हायवे, फायर कंपन्यांचे म्हणजे गावोगावच्या अग्निशमन दलांचे रिलीफ फंड, गावांच्या पेन्शन योजना, पेट्रोलवरच्या टॅक्समधून रस्त्यांसाठी आलेला पैसा, असं सगळं. आणि त्याच्या हातात काठी नाहीये हेही समजून घ्या. तो कुणाला जेलमध्ये टाकू शकत नाही, रिपोर्ट लिहितो, शिफारशी करतो, गुन्ह्यासारखं दिसलं तर पुढे पाठवतो. म्हणूनच कोण बसतोय ते महत्त्वाचं, कारण काय तपासायला घ्यायचं ह्याचं बऱ्यापैकी स्वातंत्र्य त्याला असतं.

स्टेप १: नाव नोंदवा, आणि त्याआधी एक इशारा

इशारा आधी. ग्रीन कार्ड असेल, एच-वन असेल, तर नाव नोंदवायचं नाही. लायसन्स सेंटरला स्क्रीनवर प्रश्न आला, काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला, रस्त्यावर कुणी पोराने गोड बोलून क्लिपबोर्ड दिला, तरी नाही. सिटिझन नसताना नोंदणी किंवा मतदान केलं तर नंतर सिटिझनशिप अडकू शकते, डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतं. इथे सप्टेंबर २०२३ पासून लायसन्स काढताना किंवा रिन्यू करताना नोंदणी आपोआप होते, तुम्ही नको म्हटलं तरच थांबते, त्यामुळे सिटिझनशिपचा प्रश्न येईल तिथे नीट वाचून खरं उत्तर द्या. घाईत नेक्स्ट नेक्स्ट करू नका.

ओथ झाली असेल तर मात्र उशीर करू नका. नियम असे: मतदानाच्या किमान एक महिना आधी सिटिझन झालेलं असलं पाहिजे, त्या पत्त्यावर ३० दिवस राहत असलं पाहिजे, मतदानाच्या दिवशी १८ पूर्ण. नोंदणीची शेवटची तारीख मतदानाच्या १५ दिवस आधी. ऑनलाइन पाच-दहा मिनिटांचं काम आहे, राज्याचं लायसन्स जवळ ठेवा. मग घरी पोस्टाने कार्ड येतं त्यावर तुमचा प्रिसिंक्ट म्हणजे मतदानाचा विभाग असतो, ते जपून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत आलं नाही तर काउंटीच्या इलेक्शन ऑफिसला फोन करा, फोन उचलतात आणि नीट बोलतात असा माझा तरी अनुभव.

नावाचा घोळ आपल्या लोकांत हमखास होतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, लायसन्सवर दोन्ही जोडून एकच झालेलं. ओथच्या सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच लायसन्सवर करून घ्या आणि तसंच नोंदवा. घर बदललं तरी पत्ता बदलावा लागतो, आपोआप होईल ह्या भरवशावर राहू नका.

स्टेप २: पार्टी आणि प्रायमरी

फॉर्मवर पार्टी विचारतात तिथे बरेच जण अडखळतात. प्रायमरी म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, आणि इथली प्रायमरी क्लोज्ड आहे, म्हणजे डेमोक्रॅट म्हणून नाव असेल तर त्यांच्याच उमेदवारांतून निवडता येतं, रिपब्लिकन असेल तर त्यांच्या, आणि काहीच लिहिलं नसेल तर प्रायमरीत उमेदवारांना मत देता येत नाही. नोव्हेंबरमध्ये मात्र सगळे कुणालाही देऊ शकतात, पार्टी काहीही लिहिलेली असो. मी लोकांना सांगते की निदान ह्या पदासाठी प्रायमरीचा विचार करा, कारण प्रायमरीत मतं कमी पडतात आणि अर्धा निर्णय तिथेच होतो. २०२४ ला डेमोक्रॅट्सकडून दोघं होते, फिलाडेल्फियाचे आमदार माल्कम केनयाटा आणि लीहाय काउंटीचे कंट्रोलर मार्क पिन्स्ली, म्हणजे एक राजकारणातला चेहरा आणि एक काउंटीच्या वह्या तपासणारा, निवड खरोखर वेगळी होती आणि ती एप्रिलमध्येच झाली, केनयाटा पुढे गेले. पार्टी नंतर बदलता येते, तीही १५ दिवस आधीपर्यंत.

स्टेप ३: उमेदवार कसा जोखायचा

हे राज्य मतदारांना उमेदवारांच्या माहितीची पुस्तिका घरी पाठवत नाही. काही राज्यांत येते, इथे नाही. म्हणजे अभ्यास आपला आपण. आणि न केल्यास काय होतं त्याची एक खरी गोष्ट इथल्या जुन्या लोकांना तोंडपाठ आहे.

बॉब केसी नावाचे गृहस्थ १९६९ ते १९७७ ऑडिटर जनरल होते, प्रामाणिक म्हणून राज्यभर नाव झालेलं. १९७६ ला ट्रेझररच्या निवडणुकीत रॉबर्ट केसी नावाचा उमेदवार आला, हा वेगळाच माणूस, केम्ब्रिया काउंटीत दस्त नोंदणीच्या ऑफिसचा अधिकारी, आणि लोकांनी तेच नाव बघून त्याला निवडून दिलं. दोन वर्षांनी, १९७८ ला, खरे केसी गव्हर्नरच्या प्रायमरीत उभे होते, आणि त्याच वेळी लेफ्टनंट गव्हर्नरसाठी तिसराच एक बॉब केसी उभा राहिला, पिट्सबर्गकडचा शिक्षक, आइस्क्रीमचं दुकान चालवणारा. प्रायमरीत तो जिंकला आणि खरे केसी हरले! खरे केसी पुढे १९८७ ला गव्हर्नर झाले, त्यांचा मुलगा १९९७ ते २००५ ऑडिटर जनरल, मग ट्रेझरर आणि मग सिनेटर झाला. पण मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त दिसतो तो मतदार, जो बॅलटच्या खालच्या भागात आला आणि ओळखीचं नाव दिसलं म्हणून शिक्का मारून मोकळा झाला. आपण पण तेच करतो, आडनाव आपल्यासारखं वाटलं की मत. करू नका असं.

दुसरा शॉर्टकट म्हणजे पार्टी. पूर्वी इथे एकच बटण दाबून सगळ्या पार्टीला एकदम मत देता यायचं, २०१९ च्या कायद्याने ते काढून टाकलं, आणि प्रत्येक पदाला वेगळं मत द्यायची पाळी आली. लगेच २०२० ला काय झालं बघा. प्रेसिडेंटला राज्यात बायडन सुमारे ८० हजार मतांनी जिंकले आणि त्याच बॅलटवर ऑडिटर जनरलला रिपब्लिकन टिमथी डीफोर दोनेक लाखांनी जिंकले. म्हणजे खूप लोकांनी वर एक आणि खाली दुसरं असं केलं, किंवा खाली काहीच केलं नाही. डीफोर राज्यात रो ऑफिसवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्यासमोर होत्या नीना अहमद, बांगलादेशातून इथे आलेल्या, शास्त्रज्ञ, फिलाडेल्फियाच्या माजी डेप्युटी मेयर. आपल्या भागातून आलेली बाई राज्याच्या पदासाठी उभी होती, आणि आमच्या ओळखीत कितीतरी जणांना ते मतदान झाल्यावर कळलं. २०२३ ला त्या फिलाडेल्फिया सिटी कौन्सिलवर निवडून आल्या. डीफोर २०२४ ला केनयाटांना हरवून परत आले.

मग बघायचं काय? सीए किंवा सीपीए (इथला सीए) असायलाच पाहिजे अशी अट इथे नाहीये, हे ऐकून बरेच जण दचकतात. माझं मत असं की डिग्री असेल तर चांगलंच, पण मी आधी बघते की ह्या माणसाने कधी कुणाच्या वह्या तपासून न आवडणारी गोष्ट लिहिलीय का. डीफोर आधी राज्याच्या तपास खात्यांत आणि मग डॉफिन काउंटीचे कंट्रोलर होते. कंट्रोलर, तपास अधिकारी, पूर्वीचा ऑडिटर, पत्रकार, वकील, आमदार, कुणीही येऊ शकतं, प्रत्येकाला विचारायचा प्रश्न तोच. दुसरं, तो स्वतःच्या पार्टीच्या लोकांबद्दल काय बोलतो. जो फक्त समोरच्या पार्टीच्या खात्यांची ऑडिट करीन म्हणतो तो ऑडिटर नाही. तिसरं, तो पद न शोभणारी आश्वासनं देतो का, टॅक्स कमी करीन, रस्ते बांधीन वगैरे. ते त्याच्या हातात नाही, म्हणजे एकतर त्याला पद कळलं नाही किंवा तुम्हाला कळलं नसेल असं तो धरून चाललाय. आणि चौथं, त्याच्या प्रचाराला पैसे कोणी दिले. ह्या राज्यात उमेदवारांना देणग्यांचे हिशोब भरावे लागतात आणि ते राज्याच्या साइटवर कुणालाही बघता येतात. ज्यांचं ऑडिट व्हायचंय त्यांच्याच लोकांची नावं यादीत सारखी दिसली तर मला विचार करावा लागतो.

हे पद बिघडलं तर किती बिघडतं तेही झालंय इथे. अल बेनेडिक्ट म्हणून १९७७ ते १९८५ ऑडिटर जनरल होते, त्यांच्या काळात ऑफिसातल्या नोकऱ्या आणि बढत्या पैसे घेऊन विकल्या जायच्या, १९८८ ला त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. तपासणाऱ्यालाच कुणी तपासलं नाही.

स्टेप ४: मत देण्याआधी एक रिपोर्ट वाचा

माझ्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची स्टेप. प्रचाराच्या जाहिराती बघून ह्या पदाबद्दल काही कळत नाही, पण सगळे रिपोर्ट ऑडिटर जनरलच्या साइटवर फुकट आहेत, काउंटीप्रमाणे शोधता येतात, आणि एक वाचला की डोक्यात प्रकाश पडतो.

सुरुवात छोट्यापासून करा. तुमच्या टाउनशिपच्या व्हॉलंटिअर फायर कंपनीची रिलीफ असोसिएशन शोधा. ह्यांचा पैसा येतो कुठून ते ऐका: पेनसिल्व्हेनियाबाहेरच्या इन्शुरन्स कंपन्या इथे आगीचा विमा विकतात त्याच्या प्रीमियमवर दोन टक्के टॅक्स असतो, त्याला फॉरेन फायर टॅक्स म्हणतात, फॉरेन म्हणजे परदेशी नव्हे तर राज्याबाहेरची कंपनी. तुम्ही घराचा विमा भरता त्यातूनच हे जातं. तो पैसा ऑडिटर जनरलचं खातं गावोगाव वाटतं, आणि मग नीट वापरला का ते तपासतं पण तेच. त्यातून फायरफायटर्सचे कोट, हेल्मेट, त्यांचा विमा असं घ्यायचं असतं. हे रिपोर्ट दहा-पंधरा पानांचे असतात, भाषा सोपी, चहा संपायच्या आत वाचून होतो.

वाचताना क्रम बदला. पहिल्या पानापासून वाचायला गेलात तर कंटाळाल, कारण सुरुवातीला सगळं कायद्याचं आणि पद्धतीचं असतं. सरळ फाइंडिंग्ज असं लिहिलंय तिथे जा, आपल्याकडे ज्याला ऑडिट पॅरा म्हणतात तेच. त्यात काय सापडलं, काय असायला हवं होतं, का झालं, आणि शिफारस काय हे ओळीने लिहिलेलं असतं. मग खाली संस्थेचं उत्तर बघा, पटलं म्हणतायत की वाद घालतायत. आणि मग जुन्या फाइंडिंग्जचं काय झालं तो भाग. बाबांना मी आमच्या टाउनशिपचा पहिला रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी रकमेबद्दल काहीच विचारलं नाही, त्यांचा पहिला प्रश्न होता, "मागच्या पॅऱ्याचं अनुपालन आलं का?" चूक एकदा कुणाकडूनही होते, तोच पॅरा तीन ऑडिटांत परत परत आला तर मग ती चूक नसते, असं ते म्हणायचे.

मग मोठ्याकडे जा. टर्नपाइकने जाणाऱ्या प्रत्येकाने टर्नपाइकचा रिपोर्ट बघावा असं मला मनापासून वाटतं. टोल दरवर्षी का वाढतो असं आपण गाडीत बसून म्हणतो, उत्तर त्यात आहे. २००७ च्या कायद्याने टर्नपाइकला राज्याच्या वाहतूक खात्याला दरवर्षी मोठी रक्कम द्यायला लावली, बरीच वर्षं ती ४५ कोटी डॉलर होती, २०२२ पासून ५ कोटीवर आली, पण ते पैसे देण्यासाठी कर्ज काढत गेले आणि २०२२ च्या रिपोर्टात कर्जाचा आकडा १३ अब्ज डॉलरच्या वर होता. टोल २००९ पासून दरवर्षी वाढलाय. डीफोर येण्याआधी यूजीन डीपास्क्वाले म्हणून डेमोक्रॅट ऑडिटर जनरल होते, तेही ह्याच कर्जाबद्दल ओरडत होते. पार्टी बदलली, मुद्दा तोच राहिला, म्हणजे आकडा खरा आहे.

डीपास्क्वालेंच्याच काळातला एक रिपोर्ट मी विसरू शकत नाही. मुलांवर अत्याचार होत असेल तर कळवायला राज्याची चाइल्डलाइन म्हणून हॉटलाइन आहे. २०१६ मध्ये ऑडिटने दाखवलं की २०१५ च्या वर्षात तिथे आलेल्या सुमारे ४२ हजार कॉल्सना उत्तरच मिळालं नव्हतं, म्हणजे शंभरातल्या बावीस. माणसं कमी, फोन जास्त. कुणी पैसे खाल्ले नव्हते, कुठली खोटी बिलं नव्हती, तरी हे ऑडिटरने शोधलं, कारण त्याने विचार केला की हे मोजून बघू. ऑडिट म्हणजे फक्त पावत्या नव्हेत हे मला ह्या एका आकड्याने शिकवलं.

आणि एक वादाचा पण वाचा, कारण ऑडिटर म्हणेल ते सगळं डोळे झाकून घ्यायचं नसतं. जानेवारी २०२३ ला डीफोर यांनी १२ स्कूल डिस्ट्रिक्टचा रिपोर्ट काढला, की ह्यांनी काही वर्षांत मिळून ३७ वेळा टॅक्स वाढवला आणि तेव्हा त्यांच्या जनरल फंडात एकूण ३९ कोटी डॉलर पडून होते. घर असलेल्या आपल्यासारख्यांना स्कूल टॅक्सचं बिल बघून घाम फुटतो त्यामुळे ही बातमी भरपूर फिरली. पण रिपोर्टात हेही आहे की जे केलं ते कायद्यात बसत होतं, आणि शाळांचं म्हणणं होतं की तो पैसा पुढच्या ठरलेल्या खर्चांसाठी बाजूला काढलेला आहे. मला स्वतःला दोन्ही बाजूंत तथ्य वाटलं. डीफोर यांनी शाळांची नेहमीची ठरावीक ऑडिटं बंद करून तो भार शिक्षण खात्याकडे दिला आणि स्वतः अशी मोठी कामगिरीची ऑडिटं घेतली, ते बरोबर की चूक ह्यावर पण मतं आहेत. पुढचा उमेदवार ह्याबद्दल काय म्हणतो ते जरूर विचारा, सभेत हात वर करून विचारलंत तरी चालतं, ह्या पदाच्या सभांना गर्दी नसते आणि उमेदवार खरंच उत्तर देतात.

स्टेप ५: प्रत्यक्ष मत

पोलिंग प्लेसला जाणार असाल तर सकाळी ७ ते रात्री ८, आणि आठच्या आत लाइनीत असाल तर तुम्हाला मत देऊ देतातच, निघून जाऊ नका. त्या केंद्रावर पहिल्यांदा जात असाल तर ओळखपत्र लागतं, लायसन्स, अमेरिकन पासपोर्ट किंवा घरी आलेलं नोंदणीचं कार्ड पण चालतं. यादीत नाव सापडलं नाही तर परत फिरू नका, प्रोव्हिजनल बॅलट, म्हणजे नाव तपासून झाल्यावर मोजतात ते तात्पुरतं बॅलट, मागा, तो तुमचा हक्क आहे.

पोस्टाने द्यायचं तर कारण सांगावं लागत नाही. अर्ज मतदानाच्या आठवडाभर आधी संध्याकाळी ५ पर्यंत काउंटीत पोचला पाहिजे, पण इतकं ताणू नका, महिनाभर आधी करा. बॅलट आलं की ते भरून आधी आतल्या पाकिटात घालायचं, ज्यावर ऑफिशियल इलेक्शन बॅलट छापलेलं असतं, त्या पाकिटावर काहीही लिहायचं नाही, मग ते बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेर सही आणि त्या दिवशीची तारीख. आपल्याला दिवस-महिना लिहायची सवय, इथे महिना आधी, आणि चुकून जन्मतारीख लिहिणारेही असतात. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद होतं, इथे त्याला नेकेड बॅलट म्हणतात. मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत काउंटीच्या हातात हवं, पोस्टाचा शिक्का आधीचा असून उपयोग नाही.

नवरा-बायकोंनी लक्ष द्या: आपलं बॅलट आपणच टाकायचं. "तू ऑफिसला जाताना माझं पण टाक ड्रॉप बॉक्समध्ये" हे इथे चालत नाही, अपंगत्वामुळे लेखी नेमलेला माणूस असेल तरच चालतं. पोस्टाचं बॅलट मागवलं आणि मग प्रत्यक्ष जावंसं वाटलं, तर ते बॅलट आणि पाकीट दोन्ही घेऊन जा आणि तिथे जमा करा.

सिटिझन झालेले आई-बाबा असतील आणि इंग्रजी वाचायला अडचण असेल, तर त्यांना मदतीला माणूस बरोबर नेता येतो, मुलगा-मुलगी-सून कुणीही, फक्त त्यांचा मालक किंवा युनियनचा माणूस नको आणि केंद्रावरचा मुख्य अधिकारी नको. मदत म्हणजे वाचून दाखवणं आणि ते म्हणतील तिथे खूण करणं. आधी घरी सॅम्पल बॅलट मराठीत समजावून सांगा, ऑडिटर जनरलला "राज्याचे लेखापरीक्षक" म्हटलं की माझ्या सासूबाईंना एका वाक्यात कळलं, त्यांनी मलाच विचारलं की सोसायटीसारखंच ना.

बॅलटवर ही रांग प्रेसिडेंटच्या बरीच खाली असते. कागद असेल तर मागची बाजू उलटून बघा, मशीन असेल तर शेवटी सगळं परत दाखवतं तिथे एकही जागा रिकामी राहिलीय का ते बघा. रिकामी राहिली तरी बाकीची मतं धरली जातात, म्हणजे कुणी तुम्हाला अडवणार नाही, आठवण आपणच ठेवायची.

पुढच्या तारखा

पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८. डीफोर यांच्या दोन टर्म झालेल्या असणार, त्यामुळे ते उभे राहू शकत नाहीत, खुर्ची रिकामी आणि उमेदवार बहुधा सगळे नवे. सध्याच्या कायद्याप्रमाणे प्रायमरी २५ एप्रिल २०२८ ला, म्हणजे तिच्यासाठी नोंदणी आणि पार्टी बदलायची शेवटची तारीख १० एप्रिल. नोव्हेंबरसाठी नोंदणी २३ ऑक्टोबरपर्यंत, पोस्टाच्या बॅलटचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत. प्रायमरीची तारीख विधिमंडळ हलवू शकतं, २०२० ला कोविडमुळे जूनवर गेली होती, तेव्हा त्या वर्षाच्या जानेवारीत काउंटीच्या साइटवर एकदा बघून घ्या. आणि त्याच दिवशी तुमच्या फायर कंपनीचा नवीन रिपोर्ट आलाय का तेही बघा, शेवटच्या पानांवर, जुन्या फाइंडिंग्जच्या खाली.